आवाज कमी ठेवला की कान टोचतो: ट्यूब ॲम्पमधल्या कर्कश ट्रेबलचं गौडबंगाल

ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबनी गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, घेतलेल्या गिटारवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. ॲम्प मोकळा सोडला की आवाज भरदार, गोल, ऐकत राहावासा वाटणारा. शेजाऱ्यांच्या धाकाने व्हॉल्यूम दोन-तीनवर आणला, की त्याच पेटीतून दाभण निघतं. तारेवर पिक टेकायचा अवकाश, कानात चर्रर्र होतं.

खरं तर हे उलट व्हायला हवं. आवाज लहान केल्यावर कानाला त्रास कमी व्हावा, वाढवल्यावर जास्त. मग ही उलटी गंगा का वाहते? बऱ्याच वेळा याचं उत्तर नखाएवढ्या एका भागात सापडतं आणि तो भाग कंपनीने मुद्दाम, विचार करून बसवलेला असतो. तिथपर्यंत पोचायला थोडी पूर्वतयारी लागेल. इलेक्ट्रॉनिक्स येत नसलं तरी चालेल.

नेमकं टोचतं काय?

गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी वाजवली तर सेकंदाला साधारण ३३० वेळा कंप पावते, म्हणजे ३३० हर्ट्झ. तीच तार अगदी शेवटच्या, चोविसाव्या फ्रेटवर दाबली तर १३१९ हर्ट्झ. गिटारवर वाजणारा प्रत्येक मूळ स्वर याच्या आतला. मग २०००, ३०००, ४००० हर्ट्झला जे ऐकू येतं ते काय? ते त्या स्वरांचे उपस्वर. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनं, प्रत्येक स्वरासोबत आपोआप निघणारी. ती नसतील तर गिटार आणि शिट्टी यांत फारसा फरक उरणार नाही. तेव्हा ट्रेबल, म्हणजे हे वरचे स्वर, हा शत्रू नाही, हे आधी मान्य करू.

अडचण अशी की माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो (किलोहर्ट्झ म्हणजे हजार हर्ट्झ). त्यात गिटार ॲम्पमधले १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने गप्प होतात, पण त्याआधी, २ ते ४ च्या दरम्यान, चांगले उचल खातात. कान जिथे हळवा, स्पीकर तिथेच जोरात. या पट्ट्यात ॲम्पने आणखी थोडी भर घातली, की कर्कशपणा तयार.

आधी गुडघे टेका

पेटी उघडण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. ॲम्प जमिनीवर आहे आणि तुम्ही त्याच्यासमोर उभे आहात. आता खाली बसा आणि कान स्पीकरच्या मधोमध समोर आणा. आवाज एकदम बदलेल.

कारण सोपं आहे. आवाजाची लाट स्पीकरपेक्षा लांब असेल तर ती चहूकडे पसरते, आखूड असेल तर विजेरीच्या झोतासारखी सरळ पुढे जाते. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. ३ किलोहर्ट्झची लाट साडेअकरा सेंटिमीटर. स्पीकरचा कागदी पडदा असतो पंचवीसेक सेंटिमीटरचा. म्हणजे बास खोलीभर पसरतो आणि ट्रेबलचा झोत थेट समोर पडतो: उभं राहून वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर.

याचे दोन परिणाम होतात. उभा राहिलेला वाजवणारा "ट्रेबल कमीच आहे" म्हणून नॉब वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. किंवा छोट्या खोलीत ॲम्प टेबलावर ठेवतो आणि स्वतःच त्या झोतात बसतो. ॲम्प थोडा तिरका करून, भिंतीकडे वळवून किंवा मधोमध फोमचा तुकडा लावून प्रश्न मिटत असेल, तर पुढचा लेख करमणुकीपुरता वाचा.

एक कबुली देतो. मी हा प्रयोग न करताच पहिला ॲम्प उघडला होता आणि एका रात्रीत त्यात तीन ठिकाणी ट्रेबल कापणारे कपॅसिटर जोडले होते. घरी आवाज मखमली झाला. दुसऱ्या दिवशी तालमीत दोन गाणी झाल्यावर ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "अरे, तू वाजवतोयस का नुसता उभा आहेस?" गोधडीखाली गिटार वाजवल्यासारखा आवाज होता तो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा प्रकार. जिथे ट्रेबल वाढत होता ती जागा तशीच सोडून मी भलतीकडे झाकणं लावत सुटलो होतो.

फाटक, मोटारी आणि दुचाक्या

आता मूळ संशयिताकडे. त्यासाठी एकच भाग समजून घ्यायचा आहे, तो म्हणजे कपॅसिटर. पाण्याच्या नळात मधोमध रबराचा ताणलेला पडदा बसवला आहे अशी कल्पना करा. सरळ वाहणारं पाणी त्याच्यापलीकडे जाणार नाही. पण पाणी मागेपुढे हलवलं तर पडदा थरथरेल आणि ती हालचाल पलीकडे पोचेल. हालचाल जितकी जलद, तितकी ती सहज पलीकडे जाते. कपॅसिटर विजेच्या बाबतीत हेच करतो. संथ बासला अडवतो, चपळ ट्रेबलला वाट देतो. पडदा किती मोठा हे पिकोफॅरडमध्ये मोजतात. त्याला यापुढे पीएफ म्हणू. आकडा मोठा तेवढे अधिकाधिक खालचे स्वरही पलीकडे जातात.

व्हॉल्यूमचा नॉब म्हणजे रस्त्यावरचं फाटक. पूर्ण उघडलं तर सगळी वाहनं जातात, थोडंसंच उघडलं तर मोजकी. आता या फाटकाच्या कडेला एक फट ठेवली आहे असं समजा. मोटारी त्यातून जाऊ शकत नाहीत, दुचाक्या बिनदिक्कत जातात. फाटक सताड उघडं असताना ती फट असली काय, नसली काय, फरक पडत नाही. पण फाटक जवळजवळ बंद असेल, तेव्हा मोटारी अडकून पडतात आणि पलीकडे नुसत्या दुचाक्यांची झुंबड दिसते.

ही फट म्हणजे ब्राइट कॅप. व्हॉल्यूमच्या पॉटच्या (नॉबमागच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) मधल्या आणि वरच्या पायांच्या दरम्यान जोडलेला छोटा कपॅसिटर. आवाज कमी केला की बास आणि मध्य अडतात, ट्रेबल मात्र कडेने निसटतो. आवाज वाढवला की सगळेच एकत्र जातात आणि समतोल परत येतो. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हेच.

किती फरक पडतो? साधा हिशोब करू. दहा लाख ओहमचा पॉट आहे (ओहम हे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याचं माप). नॉब कमीवर आहे, म्हणजे खालच्या बाजूला ५० हजार ओहम आणि वरच्या बाजूला साडेनऊ लाख. अशा वेळी ४ किलोहर्ट्झचे स्वर बासच्या तुलनेत ४७ पीएफच्या कॅपमुळे साडेतीनेक डेसिबलनी वर येतात, १२० पीएफमुळे नऊएक डेसिबलनी आणि १००० पीएफमुळे चक्क वीस डेसिबलच्या आसपास. दहा डेसिबल वाढले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, एवढं लक्षात ठेवलं की या आकड्यांचं गांभीर्य कळतं.

आणि हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. फेंडरच्या डिलक्स रिव्हर्बमध्ये व्हायब्रेटो चॅनलवर ४७ पीएफचा कॅप कायमचा जोडलेला असतो. ट्विन रिव्हर्बमध्ये १२० पीएफचा असतो, पण त्याला स्विच आहे, नको तेव्हा बंद करता येतो. मार्शलच्या जेसीएम ८०० मालिकेतल्या २२०३ या ॲम्पमध्ये प्रीॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या सुरुवातीच्या टप्प्यांच्या) व्हॉल्यूमवर थेट १००० पीएफचा. तो ॲम्प गेन, म्हणजे हाच प्रीॲम्पचा व्हॉल्यूम, कमी ठेवून स्वच्छ वाजवायला गेलेल्यांचे कान का किटतात, हे आता वेगळं सांगायला नको. गेन वर नेला तर तोच ॲम्प सुतासारखा सरळ होतो.

"मग कंपनीने तो लावलाच कशाला?"

रास्त प्रश्न. याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही शहाणपणाची.

पहिलं कारण आपला कान. आवाज लहान झाला की कानाला वरचे आणि खालचे स्वर मधल्यांपेक्षा जास्त मंद वाटू लागतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून, आलेख काढून दाखवलं. तेव्हा कमी व्हॉल्यूमला थोडा ट्रेबल वाढवून देणं हा खरं तर कानावरचा उपकारच.

दुसरं कारण ट्यूबच्या आत आहे. ॲम्पमध्ये सर्वांत जास्त वापरली जाणारी छोटी ट्यूब म्हणजे १२एएक्स७, हिलाच ईसीसी८३ म्हणतात. तिच्या ग्रिडवर गिटारचा क्षीण सिग्नल येतो आणि प्लेटवरून मोठा होऊन निघतो. या दोघांमध्ये नैसर्गिकच १.७ पीएफचा कपॅसिटर तयार झालेला असतो. नगण्य वाटतो ना? पण प्लेट ग्रिडच्या उलट दिशेने, साधारण साठपट हलते. तुम्ही एखादी दोरी बोटभर ओढावी आणि पलीकडच्याने तीच साठ बोटं उलट खेचावी, तसं. ओढणाऱ्याला ती दोरी साठपट जड लागणार. परिणामी ग्रिडला तो १.७ पीएफचा कपॅसिटर शंभराच्या वर जाणवतो. याला मिलर परिणाम म्हणतात. व्हॉल्यूमचा नॉब मध्ये कुठेतरी असताना सिग्नलची ताकद कमी पडते आणि हा अदृश्य कपॅसिटर वरचे स्वर खाऊन टाकतो. ब्राइट कॅप ती भरपाई करतो.

म्हणजे कल्पना बरोबर, मात्रा चुकलेली. मोठ्या रंगमंचावर, ढोल्या आवाजाच्या गिटारसाठी जी मात्रा योग्य होती, तीच छोट्या खोलीत, चकचकीत पिकअपच्या (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाच्या) गिटारला दिली की बाधते.

पेटी उघडण्यापूर्वी, हे मात्र वाचाच

ट्यूब ॲम्पच्या आत साधारण ३०० ते ५०० व्होल्ट असतात. घरातल्या विजेपेक्षा जास्त. आणि प्लग काढल्यावर ते जात नाहीत. वीजपुरवठ्यातले मोठे फिल्टर कपॅसिटर तो भार धरून बसतात, कधी कधी बराच काळ. "बंद करून ठेवला होता, तरी झटका बसला" ही या धंद्यातली नेहमीची कहाणी आहे आणि सगळ्यांना ती सांगायला मिळत नाही.

पद्धत अशी: प्लग काढायचा. चॅसीला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला, एका क्रोकोडाइल क्लिपने १०० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरचं (प्रवाहाला ठराविक अडथळा करणाऱ्या भागाचं) एक टोक जोडायचं. दुसरं टोक, हात चांगल्या इन्सुलेशनच्या मागे ठेवून, फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला लावायचं. मिनिटभर थांबायचं. मग मल्टिमीटरने मोजायचं. आकडा दोन-चार व्होल्टच्या खाली गेला नसेल तर पुन्हा थांबायचं. क्लिप काढल्यावर पाच मिनिटांनी परत एकदा मोजायचं, कारण मोठे कपॅसिटर रिकामे केल्यानंतरही थोडा भार पुन्हा वर आणतात. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामे करणारे बहाद्दर दिसतात. त्यांचं अनुकरण नको.

ॲम्प चालू असताना आत हात नाही. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गमावून बसाल. यातलं काही अनोळखी वाटत असेल, तर हा लेख घेऊन दुरुस्ती करणाऱ्याकडे जा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्या माणसाची पाच मिनिटं.

एक पाय उचला

व्हॉल्यूम पॉटच्या मागे तीन पाय दिसतात. त्यातल्या दोघांवर आडवा पडलेला, तपकिरी चपट्या गोळीसारखा किंवा छोट्या चकतीसारखा भाग म्हणजे आपला ब्राइट कॅप. चकतीवर तीन आकडे असतील तर पहिले दोन जसेच्या तसे वाचायचे आणि तिसऱ्याइतकी शून्यं पुढे लावायची. १२१ म्हणजे १२० पीएफ, १०२ म्हणजे १००० पीएफ. नवीन ॲम्पमध्ये सगळं छापील बोर्डावर असतं, तिथे सर्किटचा आराखडा बघूनच शोधावं.

तो कापून फेकू नका. सोल्डरिंग आयर्नने एकच पाय मोकळा करा, वर वळवा, पेटी पुन्हा बंद करा, स्पीकर जोडून ॲम्प चालू करा आणि वाजवा. रोजच्याच गिटारने, रोजच्याच व्हॉल्यूमला. पहिली पाच मिनिटं आवाज मेल्यासारखा वाटेल. कान चटावलेला असतो, त्याला सावरू द्या. मी एक रात्र मध्ये जाऊ देतो आणि सकाळी ताज्या कानाने निर्णय घेतो.

कॅपशिवायच गोड वाटला, तर काम संपलं. थोडा मंद वाटला, तर लहान मात्रा लावा. १००० च्या जागी १००, १२० च्या जागी ४७. किंवा मूळ कॅप ठेवून त्याच्याशी सलग दोनेक लाख ओहमचा रेझिस्टर जोडा. म्हणजे फट तीच, पण तिथे एक खांब रोवला. दुचाक्या जातील, पण झुंबड होणार नाही. मला स्वतःला हा तिसरा उपाय सर्वांत आवडतो, कारण नॉब अगदी खाली असतानाचा अतिरेक तेवढा जातो आणि चमक राहते.

झेरॉक्सच्या आधी की नंतर?

काहींच्या ॲम्पमध्ये ब्राइट कॅप नसतोच, किंवा काढूनही त्रास उरतो. विशेषतः डिस्टॉर्शनवर वाजवणाऱ्यांचा. इथे एक बारकावा आहे आणि बहुतेक सल्ले तिथेच फसतात: ट्रेबल कुठे कापला यावर आवाज ठरतो.

धूळ बसलेल्या कागदाची झेरॉक्स काढायची आहे. कागद आधी पुसला, तर प्रत स्वच्छ येते. न पुसता काढली, तर धुळीचा प्रत्येक कण काळा ठिपका होऊन उमटतो. नंतर ते ठिपके खोडायला गेलात की अक्षरंही पुसट होतात. डिस्टॉर्शन म्हणजे ही झेरॉक्स. सिग्नलची शेंडी छाटली जाते आणि त्यातून नवे उपस्वर जन्माला येतात. आत गेलेला जादा ट्रेबल बाहेर येताना चिरका, वाळूसारखा होऊन येतो. तो नंतर कितीही कापला तरी खरखरीचे अवशेष खाली राहतातच.

म्हणून डिस्टॉर्शनचा ॲम्प असेल तर पहिल्या-दुसऱ्या टप्प्यापाशी थोडं कापणं फायद्याचं. सोपी जागा म्हणजे छोट्या ट्यूबच्या प्लेटला जोडलेला १०० किलोओहमचा रेझिस्टर. त्याच्या दोन टोकांवर एक कपॅसिटर आडवा जोडायचा. २५० पीएफने साधारण साडेसोळा किलोहर्ट्झच्या पुढचंच जातं, म्हणजे कानाला जवळजवळ काहीच नाही. ५०० पीएफने उतार सव्वाआठपासून सुरू होतो, १००० पीएफने चारच्या थोडा वरून. मी ५०० ने सुरुवात करतो. इथे प्लेटचं व्होल्टेज असतं, तेव्हा कपॅसिटर किमान ५०० व्होल्टचा हवा. यात काटकसर नको.

दुसरी जागा ग्रिडकडे जाणारा रेझिस्टर. मिलरचा तो अदृश्य कपॅसिटर आठवतोय? त्यालाच कामाला लावायचं. ६८ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर उतार २० किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे ऐकण्यापलीकडे. तोच २२० किलोओहम केला तर साडेसहाच्या आसपास, ४७० केला तर तीनच्या जरा वर. नवा कपॅसिटर लागतच नाही. फक्त हे अगदी पहिल्या ट्यूबवर करू नका. तिथे मोठा रेझिस्टर स्वतःचीच सूं सूं घालतो आणि पुढचे सगळे टप्पे ती वाढवत नेतात. दुसऱ्या-तिसऱ्या ट्यूबवर करा.

झेरॉक्सनंतरच्या जागाही आहेतच. व्हॉक्सच्या एसी ३० मध्ये कट नावाचा नॉब असतो. आत जेमतेम दोन भाग, ४७०० पीएफचा कपॅसिटर आणि एक पॉट. पॉवर ट्यूबकडे (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या मोठ्या ट्यूबकडे) जाणारे दोन सिग्नल एकमेकांच्या उलट असतात. हा कपॅसिटर त्यांच्यातल्या वरच्या स्वरांना एकमेकांना भिडवून जिरवतो. अनेकजण हाच नॉब दुसऱ्या ॲम्पमध्ये बसवून घेतात आणि मला तो ट्रेबलच्या नॉबपेक्षा जास्त उपयोगी वाटतो, कारण तो अगदी शेवटी, खोलीनुसार फिरवता येतो. प्रेझेन्सचा नॉब असेल तर तो मात्र आधी शून्यावर आणून बघा. तो ट्रेबल वाढवतच असतो, शून्यावर फक्त वाढवणं थांबवतो.

"ट्रेबलचा नॉब कमी करून भागत नाही?"

भागलं तर उत्तमच. पण तो नॉब एकटा फिरत नाही. साध्या तीन नॉबच्या टोन सर्किटमध्ये ट्रेबल, मिडल, बास एकमेकांचे हात धरून असतात. ट्रेबल खाली आणला की मधल्या पट्ट्याचाही तोल सरकतो आणि आवाज टोचायचा थांबतो तो मंद होऊन. त्यातही ट्रेबलचा नॉब डिस्टॉर्शननंतर असेल, तर वरचा झेरॉक्सचा न्याय लागू.

गिटारचा टोन नॉब मात्र कमी लेखू नका. तो सगळ्याच्या आधी असतो. दहावरून सातवर आणणं हा जगातला सर्वांत स्वस्त मॉड, म्हणजे फेरबदल, आहे. केबलचंही तसंच. साधारण एका मीटरला १०० पीएफ असतात. लांब केबल वापरली की सिंगल कॉइल पिकअपचं शिखर (तो जिथे सर्वांत जोरात बोलतो ती वारंवारता) खाली सरकतं, ढोबळमानाने ३ मीटरवर ५ किलोहर्ट्झ असेल तर ६ मीटरवर ३.८. पण गंमत बघा, ते शिखर नेमकं कानाच्या हळव्या पट्ट्यातही येऊन बसू शकतं. म्हणून "लांब केबल लावा, आवाज गोड होईल" हा सल्ला कधी लागू पडतो, कधी अंगाशी येतो.

"ट्यूब बदलली तर?"

१२एएक्स७ काढून ५७५१ किंवा १२एवाय७ लावायचा सल्ला कायम मिळतो. १२एएक्स७ ची वाढवण्याची क्षमता १०० धरली तर ५७५१ ची ७० आणि १२एवाय७ ची चाळिसाच्या आसपास. त्यामुळे डिस्टॉर्शन कमी होतं, आणि कर्कशपणा डिस्टॉर्शनचाच असेल तर बराच फरक पडतो. सोल्डरिंगही लागत नाही. पण स्वच्छ आवाजच टोचत असेल, तर उपयोग नाही. उलट वाढवण्याची क्षमता कमी झाली की मिलर परिणामही कमी होतो आणि ट्रेबल कणभर वाढू शकतो. ट्यूब विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

ट्रेबल नसलेला ट्रेबल

ट्रेबल शून्यावर, गिटारचा टोन शून्यावर, तरीही आवाजाच्या कडेला चरचर आहे? मग तो ट्रेबल नव्हे, बिघाड आहे. कपॅसिटर लावून तो झाकू नका.

हळू वाजवलेला स्वर जोरात वाजवलेल्यापेक्षा जास्त खरखरीत येत असेल, तर पॉवर ट्यूबचं बायस (सिग्नल नसतानाही ट्यूबमधून वाहणारा ठरवलेला प्रवाह) फार थंड, म्हणजे कमी, असू शकतं. दोन ट्यूब एकमेकींच्या हाती काम सोपवताना मध्ये क्षणभर दोघीही झोपलेल्या असतात. धावण्याच्या शर्यतीत बॅटन खाली पडावा तसं. मोठ्या स्वरात ते लपतं, बारीक स्वरात उघडं पडतं.

दुसरा प्रकार फसवा. ॲम्प कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःशीच गुणगुणत असतो आणि त्याच्या सावलीसारखी चिरक गिटारच्या प्रत्येक स्वराला चिकटते. एखादा नॉब ठराविक जागी गेला की फुरफुर सुरू होते, पुढे गेला की थांबते, ही त्याची खूण. यात वायरींची मांडणी दोषी असते: प्लेटकडून येणारी वायर ग्रिडच्या वायरीला लगटून गेलेली. तिथे वायरी एकमेकींपासून दूर करणं किंवा ग्रिडपाशी रेझिस्टर घालणं हा इलाज. मी एकदा एका ॲम्पवर दोन संध्याकाळी ब्राइट कॅप, प्लेट कॅप सगळं करून थकलो होतो. शेवटी एक वायर बोटभर बाजूला सरकवल्यावर आवाज असा मोकळा झाला, की स्वतःचाच राग आला.

"मूळ ॲम्पशी छेडछाड करावी का?"

जुना, संग्राह्य ॲम्प असेल तर नाही. मूळ सोल्डरचे सांधे न उघडलेल्या ॲम्पची कदर वेगळी असते, आणि तिरका ठेवून, टोन नॉब फिरवून काम भागवावं. नेहमीच्या वापरातल्या ॲम्पला ही भीती नको, पण दोन सवयी लावून घ्या. एका वेळी एकच बदल करायचा. आणि केलेला बदल घरच्या खोलीत पसंत पडला तरी तालमीत तपासल्याशिवाय पक्का करायचा नाही. एकट्याने वाजवताना जो पट्टा टोचतो, झांजा आणि बासच्या गर्दीत नेमका तोच गिटारला वाट काढून देतो.

ड्रमरचं ते वाक्य झाल्यावर मी माझ्या ॲम्पमधले आधीचे तिन्ही कपॅसिटर काढले, १२० पीएफचा ब्राइट कॅपही काढून छोट्या पिशवीत घातला आणि पेटीच्या आतल्या बाजूला तारखेसह चिकटवून ठेवला. नंतर पिशवीतला कॅप बाहेर घेतला आणि तो व्हॉल्यूमच्या पॉटवर परत जोडला, या वेळी ओढून चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून. घरी नॉब दाबलेला असतो. तालमीत पोचलो की ओढतो.